आचलचा पट्टा

"आई, मले दम लागून राह्यला," आचल म्हणाली. सकाळी उठल्यापासून ती हेच म्हणत होती. ललितानं पोरीकडे पाहिलंच नाही. ती सरळ खिडकीकडे गेली, तिथं ठेवलेला फोन उचलून पाहिला आणि पोरीच्या नाकासमोर धरला.

"हे पाय. हिरवं आहे का नाई?"

"आहे."

"मंग? शाळा बुडवाचे बहाणे नोको करू. दप्तर घे अन् नीघ."

आचलनं दप्तर घेतलं आणि निघाली. सात वर्षांची पोर ती. आई म्हणते हिरवं आहे, म्हणजे आपल्याला काही झालेलं नसणार, असं ती धरून चालली.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातं? त्यानं ललितासारखे दोन हिवाळे काढून दाखवावेत आणि मग तोंड उघडावं. सावरटोला हे नागभीडकडचं गाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली वसलेलं. गावाची धानाची शेती आणि पाळीला लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. दिवाळी झाली की धानाचं चुरणं सुरू होतं, मळणीची यंत्रं दिवसभर धडधडतात आणि कोंड्याची धूळ भांड्यांवर, पांघरुणांवर, माणसांच्या पापण्यांवर बसते. बाकीच्यांना नुसत्या शिंका येतात. आचलची छाती वाजायला लागायची. ललिता तिला खांद्यावर टाकून बसायची आणि तिचा नवरा अमर विचारायचा, "नेवाचं का दवाखान्यात?" हेच तर तिला कळत नसे. कितीदा तरी जीव मुठीत धरून मोटरसायकलवर नागभीड गाठलं, तर पोहोचेपर्यंत पोर हसतखेळत. डॉक्टरांनी वर सुनावलं, एवढ्याशाला पळत येता का म्हणून. आणि एकदा त्या बोलण्याला भिऊन घरीच थांबले, तर पोरीचे ओठ निळे पडले. त्या दिवसापासून ललिताच्या मागं भीती लागली ती लागलीच. पोर खोकली तरी भीती, गप्प झाली तरी भीती. कधी पळायचं आणि कधी थांबायचं एवढं कोणीतरी सांगावं, दुसरं तिला काही नको होतं.

आणि मग पट्टा आला. दम्याच्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था होती, चंद्रपूरची. तिथली साक्षी सिस्टर स्वतः घरी येऊन पट्टा देऊन गेली. छातीला बांधायचा, मधोमध आगपेटीएवढी चपटी डबी. ती डबी पोरीचे श्वास मोजणार, खोकला मोजणार, सोबत दिलेल्या फोनला कळवणार आणि फोन चंद्रपूरला कळवणार. फोनवर हिरवा रंग असला तर सगळं ठीक, रोजचा पंप तेवढा द्यायचा. पिवळा झाला तर दम मोकळा करणारा निळा पंप. लाल झाला तर मागंपुढं न पाहता दवाखाना, आणि गाडीची सोय सिस्टर करणार.

"पहिले काही दिवस हा पट्टा आचलला शिकून घेतो," साक्षी सिस्टर म्हणाली होती. "तिचा श्वास एरवी कसा चालतो ते लक्षात ठेवतो. पुढं त्यात फरक पडला की आपल्याला सांगतो. म्हणून हा फक्त आचलचा, ताई. दुसऱ्या कोणाला बांधायचा नाही."

ललितानं मान हलवली. पट्टा भिजवू नका, उशीखाली ठेवू नका, हेही सिस्टर म्हणाली होती आणि त्यालाही तिनं तशीच मान हलवली होती. साऱ्या सूचना एकाच माळेचे मणी वाटल्या तिला.

शिवाय ढिवरांच्या मोहल्ल्यात एकट्याचं असं काही नसतंच. तलावात जाळं ओढलं की मासळी पाळीवर ओततात आणि घरागणिक वाटे पाडतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा, आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. जो पाण्यात उतरला त्याला वाटा, तापानं घरी पडला त्यालाही वाटा, जिचा नवरा गेला तिलाही वाटा. ललिताची सासू भागीरथा या बाबतीत मोठी कडक बाई. तिच्या देखत कोणाच्या वाट्यात झिंगा कमी पडायची सोय नव्हती. अशा घरात पट्टा आला आणि शेजारची कमळा आपलं आठ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"माया लहानूची छाती पाय ना बाई, कशी घुरघुर वाजते," ती म्हणाली. "एक रात दे ना पट्टा."

ललिता काही बोलायच्या आत भागीरथानं निकाल दिला. "ने ना. आपल्या पोरीले रोज अन् दुसऱ्याच्या लेकराले काईच नाई, असं माया घरी नाई चालत."

"पण आत्याबाई, सिस्टर म्हणे का..."

"सिस्टर चंद्रपूरले राह्यते. कमळा इथी राह्यते."

झालं. एक रात्र आचलची, एक रात्र लहानूची. लहानूला पट्टा मोठा व्हायचा म्हणून भागीरथानं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याला बंद लावून दिले. पट्ट्यासोबत फोनही जायचा.

आणि खरं सांगायचं तर त्यातून भलंच झालं. एका संध्याकाळी कमळाच्या घरी फोन लाल झाला आणि लगोलग साक्षी सिस्टरचा आवाज आला, "ताई, आचलचा श्वास फार जोरात चाललाय, निघा ताबडतोब." निघाले, पण लहानूला घेऊन. नागभीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात कफ भरलाय, वेळेवर आणलंत. पोर वाचलं. कमळा ललिताच्या पायावर डोकं ठेवून रडली. आता यानंतर पट्टा वाटायचा नाही असं कोणत्या तोंडानं म्हणणार होती ती?

पण सिस्टरला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी फोन आला, आचल कशी आहे. ललिता म्हणाली, बरी आहे, खेळून राह्यली. आणि ते खोटं नव्हतंच, आचल अंगणात टायर फिरवत होती. लहानू बरा झाल्यावरही त्याच्या रात्री फोन पिवळा होतच राहिला. तान्ह्याचा श्वास मोठ्या पोरापेक्षा मुळातच जलद असतो, ललितानं तो कधी मोजला नव्हता. सिस्टर विचारायची, ललिता सांगायची, "काई नाई सिस्टर, जेवली, उड्या मारून राह्यली." असं बरेचदा झालं. शेवटी सिस्टर म्हणाली, "मग हिच्या श्वासाची चालच जलद असेल. काही मुलांचं असतं तसं. डॉक्टरांना सांगून यंत्रात तशी सुधारणा करून घेते, म्हणजे तुम्हाला उगाच घाबरवणार नाही."

तेव्हापासून फोन शांत झाला. कोणाच्याही रात्री हिरवा, कोणत्याही दिवशी हिरवा. ललिताला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे. दोन वर्षांत पहिल्यांदा ती रात्रभर झोपायला लागली.

तर त्या दिवशी आचल शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीच्या आत परत आली. बाईंनीच पाठवली. येताना वाटेत मळणीचं यंत्र चालू होतं, त्याच्या धुरळ्यातून आली. दारात आली आणि आत न येता उंबऱ्यावरच बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे कानापर्यंत उचलून. भुवयांवर कोंडा होता.

"काय झालं वं?"

"आई..." मग श्वास. "मले..." मग श्वास.

ललितानं तिच्या छातीवर हात ठेवून पट्टा चाचपला, नीट होता. धावत जाऊन फोन पाहिला. हिरवा. तिनं डोळे मिटून सुस्कारा टाकला. डोळे उघडले तर समोर पोरीच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. पुन्हा फोन. हिरवाच.

"हिरवं आहे ना?" आतून भागीरथा म्हणाली. "मंग काऊन जीव खाऊन राह्यली तिचा? धुळीनं झालं. बसन थोड्यानं."

आणि ललिता थांबली. इथंच घात झाला. पोर डोळ्यांसमोर तडफडत होती आणि ही बाई चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी फोनकडे बघत बसली, आता रंग बदलेल, मग बदलेल. तिला रागही आला, यंत्राचा नाही, पोरीचा. जरा हळू श्वास घे ना माय, असं दोनदा तिच्या अंगावर खेकसलीसुद्धा. आचलनं खरंच हळू श्वास घ्यायचा प्रयत्न केला. तो तिला जमला नाही आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाणी पाहिलं तेव्हा कुठं ललितानं चंद्रपूरला फोन लावला. रेंज खिडकीतच यायची, म्हणून आवाज मोठा करून फोन खिडकीत ठेवला. कमळा लहानूला घेऊन अंगणात आली होती, तीही ऐकत उभी राहिली.

"सिस्टर, आचलले लय जास्त होऊन राह्यलं."

"थांबा हं, बघते." थोडा वेळ गेला. "ताई, इथं तर सगळं हिरवं दिसतंय. आकडा तिचा नेहमीचाच आहे. दिवाळीच्या आठवड्यात याहून जास्त असायचा, आणि तेव्हा तुम्हीच म्हणायच्या ना, उड्या मारते म्हणून? धुळीनं घाबरली असेल. निळा पंप एकदा द्या आणि सावलीत बसवा. अर्ध्या तासानं मी फोन करते."

दिवाळीच्या आठवड्यात. ललिताची नजर अंगणात गेली. कमळाच्या कडेवर लहानू हसत होता, उघड्या पोटाचा, आणि तान्ह्याचं हलावं तसं त्याचं पोट भराभरा वरखाली होत होतं. ललितानं उंबऱ्यावर पाहिलं. आचलच्या बरगड्या त्याच चालीनं वरखाली होत होत्या. अगदी त्याच. दिवाळीत लहानू आजारातून उठत होता म्हणून पट्टा जास्त करून कमळाकडेच होता. यंत्र लहानूचा श्वास आचलचा म्हणून शिकलं होतं.

"सिस्टर, फोन ठेवू नोका," ती म्हणाली.

भागीरथाच्या ध्यानात आलं. म्हातारी चटकन पुढं आली आणि तिनं सुनेचं मनगट पकडलं. "काई बोलू नोको," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पट्टा नेतीन ते. उद्या लहानूले पुन्हा झालं तं कोण सांगन आपल्याले? पोरीले नेऊ ना आपण, अमरच्या गाडीवर नेऊ. पण हे बोलू नोको."

कमळानं लहानूचं पोट पदरानं झाकलं आणि ललिताकडे पाहत राहिली. तिच्या बघण्यात जे होतं ते ललिताला पुरतं कळलं, आई होती ती पण. अमर तलावात होता, त्याला वर यायला वेळ. ज्या पोरीला उंबऱ्यावर धड बसता येत नव्हतं ती मोटरसायकलवर कशी बसणार होती? आणि इतकं करून तिथं पोहोचलं तरी डॉक्टर हा फोन पाहणार, हिरवा रंग पाहणार आणि म्हणणार, बसा बाहेर. खोटं तिनंच पेरलं होतं आणि ते आता सगळीकडे उगवून आलं होतं.

तिनं मनगट सोडवून घेतलं.

"सिस्टर, तो आकडा आचलचा नाई. लहानूचा आहे, शेजारच्या लेकराचा. पट्टा आम्ही वाटून घेत होतो, रातीरातीनं. तुमी फोन करा तेव्हा आचल खेळून राह्यली असं मी सांगो, ते खरं होतं. पण पट्टा तिच्या अंगावर नव्हता. मी खोटं बोलली सिस्टर, मले काय शिक्षा देवाची ते द्या, पण ह्या हिरव्यावर जाऊ नोका. माई पोरगी मरून राह्यली."

सिस्टरनं विचारलं, "केवढं लेकरू ते?"

"आठ महिन्याचं."

"बाप रे." आणि लगेच तिचा आवाज बदलला. "ताई, आता फोनकडे बघू नका, पोरीकडे बघा. तिला नाव विचारा. एका दमात सांगता येतं का बघा."

"आचल, तुयं नाव सांग माय."

आचलनं तोंड उघडलं. "आ," म्हणाली आणि थांबली. बरगड्या आत गेल्या, बाहेर आल्या. "चल."

"ऐकलं मी," सिस्टर म्हणाली. "निळा पंप काढा, सोबत दिलेल्या नळकांड्याला लावून एकामागून एक देत राहा, मी थांबा म्हणेपर्यंत. आडवी करायची नाही, बसवूनच ठेवायची. ऑक्सिजनची गाडी नागभीडहून काढते, पण तुम्ही घरी वाट बघू नका. मिळेल त्या वाहनानं निघा, गाडी रस्त्यात भेटेल."

आणि मग जी बाई तोंड उघडू नको म्हणत होती तीच भागीरथा पदर खोचून पाळीवर पळाली. गुडघे धरलेली म्हातारी, एरवी काठीशिवाय पाळ चढत नसे. वर उभी राहून तिनं अशी हाक मारली की वाटे पाडणाऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मच्छीमार सोसायटीचा टेम्पो मासळी न्यायला उभाच होता. सुनिलनं, म्हणजे टेम्पोच्या ड्रायव्हरनं, बर्फाचे क्रेट तिथंच खाली ओतले. अमर ओल्या अंगानं वर आला आणि तसाच टेम्पोत चढला.

रस्ता नेहमीचाच, पण त्या दिवशी संपेना. पुढच्या सीटवर ललिता, मांडीवर ताठ बसवलेली आचल, शेजारी अमर पंप दाबतोय. पोरीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. पंप दाबला की क्षणभर कमी व्हायची, पुन्हा वाजायची. फाट्याच्या अलीकडे ती वाजायची थांबली.

अमरनं कान लावून ऐकलं. "बंद झाला आवाज," तो म्हणाला. "उतरलं, ललिता. उतरलं." आणि एवढा बाप्या माणूस, ओल्या बनियनमध्ये तोंड खुपसून रडायला लागला. ललितालाही वाटलं, आता देवाला हात जोडावेत. तेवढ्यात रेंज आली आणि फोन वाजला.

"छातीत शिट्टी ऐकू येते का?" सिस्टरनं विचारलं.

"नाई, थांबली. बरं वाटून राह्यलं तिले."

"थांबली?" सिस्टर जवळजवळ ओरडलीच. "ताई, ते बरं नाही. हवाच आत जात नाहीये तिच्या, म्हणून आवाज नाही. झोपू देऊ नका. पंप चालू ठेवा. बोलत राहा तिच्याशी, काहीही बोला, पण डोळे मिटू देऊ नका."

काय बोलणार? ललितानं पोरीचे गाल थोपटले. डोळ्यांची बुबुळं वर सरकत होती. "आचल, मायकडे पाय. पाय ना माय. तू सकाळी म्हणत होतीस ना दम लागते म्हणून? खरं होतं तुयं. तूच खरी होतीस. म्या ऐकलं नाई. आचल, ऐकून राह्यली का? खरं होतं तुयं."

अमरचा हात पंपावर थांबला. "सकाळी? सकाळपासून म्हणून राह्यली होती ते?"

ललिता पोरीचे गाल थोपटत राहिली. अमरनं तिच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तसं त्यानं लग्न झाल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. मग तो पुन्हा पंप दाबायला लागला. आचलचा हात ललिताच्या हातात होता, थंड पडलेला, नखं जांभळी. सोड मला पाहिजे तर, पण हिला सोडू नको, असं ललिता कोणाला म्हणत होती ते तिलाच माहीत नव्हतं. सुनिल सारखा हॉर्न वाजवत होता, रस्त्यावर कोणी नसतानाही.

गाडी त्यांना रस्त्यातच भेटली. भेटली म्हणून पोर दवाखान्यात जिवंत पोहोचली, डॉक्टर नंतर म्हणाले. त्यांनी आचलला आत नेलं, सुया लावल्या, वाफ दिली, आणि दार लावून घेतलं. दुपार गेली. ललिता दाराबाहेर फरशीवर बसून होती. आत यंत्रं टिकटिकत होती आणि त्यांचा अर्थ विचारायची तिची हिंमत होत नव्हती. दिवेलागणीला एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली की पोरीला उतार पडतोय, पाणी पिऊन घ्या. ललितानं पाण्याचा गिलास हातात घेतला आणि तो तसाच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षी सिस्टर चंद्रपूरहून आली. तिनं आधी आचलला पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला, मग ललिताला बाजूला नेलं.

"तुमच्या शब्दावर मी ते यंत्र बदलून घेतलं होतं, ताई," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर. मला रात्रभर झोप नाही."

ललितानं पट्टा आणि फोन तिच्या पुढं धरले. सिस्टरनं ते पिशवीत टाकले. नवा पट्टा द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील म्हणाली. ललितानं एवढंच विचारलं, "अन् लहानूचं कसं?"

"त्याचं नाव आमच्याकडे नाही. आणि एवढ्या तान्ह्यासाठी हे यंत्रच नाही, ताई. त्याला दवाखान्यात दाखवत राहा, मी कमळाताईंशी बोलते." बोलली की नाही कोण जाणे. भागीरथा डबा घेऊन आली तेव्हा ललितानं कमळाची चौकशी केली. भागीरथा म्हणाली, "दार लावून बसली आहे," आणि भाजी वाढायला लागली. अमर खाटेच्या पलीकडल्या बाजूला बसला होता. कालपासून तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता.

थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले. आचलच्या बोटाला चिमटा लावलेला होता, त्याच्या पडद्यावरचे आकडे त्यांनी पाहिले आणि समाधानानं मान डोलावली.

"आकडे छान आहेत आता," ते म्हणाले. "काय गं आचल, कसं वाटतं? दम लागतो का अजून?"

आचलनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. आईच्या तोंडाकडे, मग हाताकडे, हातात काही नाही ते पाहून पुन्हा तोंडाकडे. काय सांगायचं ते आई सांगेल म्हणून ती वाट पाहत राहिली.

ललिता खाटेशी बसली. "मले नोको पाहू, माय," ती म्हणाली. "मले काई नाई कळत. तुले कसं वाटते ते तूच सांग."

"सांगू?"

"सांग."

आचलनं पडद्याकडे भीतभीत पाहिलं. मग अगदी हळू, कोणी रागावेल की काय अशा आवाजात म्हणाली, "लागते. थोडासा."

डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळत होते. ललितानं त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली.

"तिकडे नोका पाहू, साहेब," ती म्हणाली. "दम लागून राह्यला तिले. ती म्हणते."